लग्नासाठी आठ दिवस घर बंद ठेवायचंय आणि घरफोडीची भीती वाटतेय

आलेलं पत्र थोडं छोटं करून देतेय:

"ताई, आम्ही कराडला राहतो. दोन मजली रो-हाऊस आहे, घरात मी, हे, दोन मुलं आणि सासूबाई, त्यांचं वय ७२. मागच्या महिन्यात आमच्याच लाइनीत दोन घरं सोडून घरफोडी झाली. ते लोक सकाळी नात्यातल्या बाराव्याला गेले, संध्याकाळी परत आले तर कडी-कोयंडा तोडलेला, कपाट उचकटलेलं, दागिने आणि रोकड गायब. भर दिवसा, आणि कुणाला पत्ता नाही. आता मे महिन्यात नणंदेच्या मुलीच्या लग्नाला चिपळूणला जायचंय, पुढे कुलदैवताला, म्हणजे आठ दिवस घर बंद. सासूबाई म्हणतात मी येत नाही, घर सांभाळते. ह्यांनी चार कॅमेरे बुक केलेत, दीर म्हणतात कुत्रा पाळा. ग्रुपवर रोज व्हिडिओ येतात की चोर भिंतीवर खुणा करून जातात, आणि रस्त्यापलीकडे पालं पडलीयेत त्यांना हाकला म्हणून सगळे मागे लागलेत. दागिने तांदळाच्या डब्यात ठेवू की बरोबर नेऊ? रात्री जरा खुट्ट झालं तरी मी उठून बसते. नेमकं काय करू? – एक सून"

आधी सासूबाईंचं बोलते कारण बाकी सगळं त्यानंतर. त्यांना एकटीला घरी अजिबात ठेवू नका. घर सांभाळायला ७२ वर्षांची एकटी बाई ही कुलपापेक्षा कमी सुरक्षा आहे आणि धोका मात्र कितीतरी जास्त, कारण रिकाम्या घरात चोर शिरला तर वस्तू जातात, आत एकटं म्हातारं माणूस असलं तर जिवावर बेततं. आणि लग्न कुणाचं आहे, त्यांच्याच नातीचं ना? त्यांना सांगा की सोनं गेलं तर गेलं, आजीशिवाय लग्न होत नाही. त्यांची काळजी घराची कमी आणि दागिन्यांची जास्त असणार असा माझा अंदाज आहे, तेव्हा दागिन्यांचा नीट बंदोबस्त झालेला त्यांना डोळ्यांनी दिसला की त्या आपणहून बॅग भरतील.

आता चोरी भर दिवसा कशी झाली याचं तुम्हाला जे वाटतंय त्याबद्दल. कॉलनीत दुपारची वेळच चोराला सोयीची असते. पुरुष कामावर, मुलं शाळेत, घरी असलेल्या बायका जेवणं उरकून आडव्या झालेल्या, टीव्ही चालू, आणि रस्त्यावर कोणी बॅग घेऊन हिंडताना दिसलं तर ते कुरिअरवालं असेल असं सगळेच धरून चालतात. चोराला दोनच गोष्टी हव्या असतात, घरात कोणी नाही याची खात्री आणि दाराशी थोडा निवांत वेळ. खात्री करायला तो बेल वाजवतो, कोणी उघडलं तर 'पाटीलसाहेबांचं घर हेच का' विचारून निघून जातो. तुमचं काम या दोन गोष्टी त्याच्याकडून काढून घ्यायचं आहे, मी पुढे जे काही सांगतेय ते सगळं याच्यासाठीच, आणि यातलं बरंचसं फुकट किंवा किरकोळ खर्चात होणारं आहे.

हे वाचून झालं की उठा आणि तुमच्या पुढच्या दाराचा कोयंडा बघा. बहुतेक घरांत तो चार छोट्या स्क्रूवर बसवलेला असतो, स्क्रू इंचभरसुद्धा नसतात, आणि दार जर फ्लश डोअर, म्हणजे प्लायवूडचं सपाट दार असेल तर आत भरीव लाकूड असेलच असंही नाही. वर कुलूप मात्र हातात मावणार नाही एवढं लावलेलं. चोर त्या कुलपाला हातही लावत नाही, कटावणीचं टोक कोयंड्याच्या मागे घालून झटका दिला की स्क्रूसकट सगळं बाहेर येतं आणि कुलूप जसंच्या तसं लटकत राहतं. पेपरात कायम 'कडी-कोयंडा तोडून' असं येतं ते यामुळेच. तेव्हा नवीन महागडं कुलूप आणायच्या आधी सुताराला बोलवा आणि कोयंडा आरपार बोल्टवर बसवून घ्या, नट आतल्या बाजूने, नटाच्या खाली लोखंडी पट्टी. अर्ध्या तासाचं काम आहे.

त्याहून चांगलं म्हणजे बाहेरून लटकणारं कुलूपच नको. दाराच्या आत बसणारं मॉर्टिस लॉक घ्या, ज्याचे दोन-तीन जाड दांडे चौकटीत घुसतात. एक तर ते उचकटायला वेळ लागतो, आणि दुसरं म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला दार आतून बंद आहे का बाहेरून ते कळत नाही. लटकतं कुलूप म्हणजे घरात कोणी नाही असं रस्त्यावरूनच सांगणं झालं. फक्त एक बघा, लॉक कितीही भारी घेतलं तरी दांडा ज्या चौकटीत जातो तिथली पट्टी लांब स्क्रूने भिंतीपर्यंत पकडलेली हवी, नाहीतर लाथेसरशी चौकटच फाटते. आणि साधं लॅच असेल तर नुसतं दार ओढून निघू नका, बरेच लोक असंच करतात, ओढून लागलेलं लॅच पातळ पट्टी घालून सरकवता येतं, किल्ली फिरवून डबल लॉक करायचं. सेफ्टी डोअर असेल तर त्याच्या बिजागऱ्या कुठल्या बाजूला आहेत ते बघा, बाहेर असतील आणि पिना ठोकून निघत असतील तर वेल्डिंगवाल्याकडून टाके मारून घ्या.

पुढच्या दाराचा एवढा विचार झाला तरी रो-हाऊसचा खरा कच्चा दुवा मागे आणि वर असतो. गच्चीचा दरवाजा बहुतेक ठिकाणी पत्र्याचा किंवा पीव्हीसीचा, एका कडीवर. तुमच्या लाइनीत गच्च्या एकमेकींना लागून असणार, म्हणजे एका बंद घराच्या गच्चीवर चढलं की पाच घरांच्या गच्च्या मोकळ्या. तिथे लोखंडी ग्रिलचा दरवाजा बसवा आणि आतून आडवा अडसर टाका, आपल्या आज्या वाड्याच्या दाराला टाकायच्या तसाच, त्याला आजही तोड नाही. मागच्या बाथरूमच्या काचेच्या झडपा बघा, त्या नुसत्या खाचेत बसवलेल्या असतात, एकेक सरकवून काढता येतात आणि बारीक अंगाचा माणूस किंवा पोरगं आत शिरतं, तिथे बाहेरून ग्रिल पाहिजेच. स्लायडिंगच्या खिडक्यांच्या खाचेत लाकडी दांडका कापून ठेवा म्हणजे काच सरकत नाही. आणि मागच्या अंगणात जी शिडी, पहार, कुदळ पडलेली आहे ना, ती आत टाका. चोर बरेचदा आपलंच सामान वापरून आपलंच घर फोडतात.

ग्रिलच्या बाबतीत एक मनापासून सांगायचंय. भीती वाटली की लोक घराचा पिंजरा करून टाकतात, प्रत्येक खिडकीला पक्कं ग्रिल, आणि मग कधी आग लागली तर बाहेर पडायला वाट नाही. शॉर्टसर्किट झालं, दाराकडून धूर आला तर मुलांना कुठून काढणार? प्रत्येक मजल्यावर एका तरी खिडकीच्या ग्रिलला उघडणारं दार ठेवा, त्याला आतून कुलूप आणि किल्ली जवळच पण खिडकीतून हात पोचणार नाही अशा जागी, आणि ती कुठे आहे ते मुलांनाही माहीत हवं.

आता सोनं. तांदळाचा डबा नको. पिठाचा, रव्याचा, देवघरातला चौरंग, जुन्या साड्यांच्या घड्या, गादीखाली, फ्रीजमध्ये, माळ्यावरच्या पितळी पातेल्यात, यातल्या कुठल्याही जागेचा विचार तुम्ही केलात तर चोराने तो तुमच्या आधी केलेला असतो. घरफोडीनंतर स्वयंपाकघरात सगळे डबे पालथे आणि फरशीवर डाळ-तांदळाचा सडा दिसतो तो काय उगीच? कपाटाचंही तेच. लोखंडी कपाट मजबूत दिसतं पण आतला चोरकप्पा पातळ पत्र्याचा असतो, आणि किल्ली कपाटावर, कपाटामागच्या खिळ्याला किंवा शेजारच्या ड्रॉवरमध्ये. जाताना घरात काही ठेवणारच नसाल तर माझं मत असं की कपाट उघडंच ठेवून जा. बंद कपाट दिसलं की ते फोडणारच, वर कपाटाचं नुकसान.

दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. लॉकर मिळत नाही अशी सबब मी बरेचदा ऐकते, पण जिल्हा बँकेपासून सरकारी बँकेपर्यंत चार शाखांत चौकशी करा, मिळत नसेल तर वेटिंग लिस्टला नाव घालायला सांगा, ती ठेवणं बँकेला बंधनकारक आहे आणि तुम्हाला नंबर द्यावा लागतो. रिझर्व्ह बँकेचे लॉकरचे नवे नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू आहेत. त्यानुसार आग, चोरी, दरोडा, इमारत पडणं किंवा बँकेच्याच माणसाने केलेली फसवणूक यात लॉकरमधलं गेलं तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंत असते. म्हणजे वर्षाचं भाडं ३,००० असेल तर जास्तीत जास्त ३ लाख. सासूबाईंचं सोनं त्याहून जास्त असणारच, तरी घरातल्या कपाटापेक्षा ते शंभर वेळा बरं. पूर-भूकंपासारख्या नैसर्गिक आपत्तीत मात्र बँक जबाबदार नाही, आणि २०१९ चा महापूर आपल्या कृष्णाकाठाने बघितलाय, तेव्हा शाखा नदीजवळ आहे का, लॉकर तळमजल्यावर आहेत का हे आधी विचारा. लॉकर दोघांच्या नावावर घ्या, नॉमिनी लावा, रोकड त्यात ठेवू नका.

लॉकरला जायच्या आधी एका दुपारी सासूबाईंना शेजारी बसवून प्रत्येक दागिन्याचा फोटो काढा, पांढऱ्या कापडावर, दोन्ही बाजूंनी, शेजारी पट्टी ठेवून, आणि वजन लिहा. पाटल्यांच्या आतल्या बाजूला सोनाराचा शिक्का असतो त्याचाही जवळून फोटो घ्या. अलीकडच्या दागिन्यांवर एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा सहा अक्षर-आकड्यांचा ओळख नंबर असतो, १ जुलै २०२१ पासून हा प्रकार सुरू झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून त्याच्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही, तो नंबर उतरवून ठेवा. सासूबाईंच्या जुन्या दागिन्यांवर तो नसणार, म्हणून त्यांचे फोटो जास्त महत्त्वाचे. बिलं असतील तर तीही स्कॅन करा. ही यादी तुमच्या फोनमध्ये आणि दिरांकडे, दोन्हीकडे असू द्या. त्या दुपारी कुठला दागिना कुणी केला, कुठला मोडून काय घेतलं हेही सगळं निघेल, ते मुलांना ऐकू द्या.

लग्नाला बरोबर न्यायचं ते फक्त अंगावर घालायचं तेवढंच. मंगल कार्यालयातून पर्स जाणं घरफोडीइतकंच नेहमीचं आहे, वरमाईची पर्स खुर्चीवर, सगळे फोटोत, आणि चांगले कपडे घातलेलं अनोळखी पोरगं पाहुणा समजून कोणी हटकत नाही. दागिन्यांची पिशवी एकाच माणसाकडे द्या आणि त्या माणसाला दुसरं कुठलंच काम देऊ नका, अगदी अक्षता वाटायचंसुद्धा नाही.

विम्याबद्दल थोडक्यात, कारण इथे गैरसमज खूप आहे. घराचा विमा काढलाय म्हणजे चोरी भरून मिळेल असं लोक धरून चालतात. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांकडे 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी मिळते, ती आग, पूर, भूकंप वगैरेसाठी चांगली आहे, पण चोरीचं त्यात फक्त एवढंच की अशी एखादी आपत्ती आली आणि त्यानंतर ७ दिवसांच्या आत घरातलं सामान चोरीला गेलं तर. नुसती घरफोडी त्यात येत नाही, त्यासाठी बर्गलरीचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं, आणि दागिने, रोकड, घर सलग किती दिवस बंद राहिलं तर क्लेम मिळत नाही, याच्या अटी प्रत्येक पॉलिसीत वेगळ्या असतात. एजंटला तोंडी विचारू नका, पॉलिसीत कुठे लिहिलंय ते बोट ठेवून दाखवायला सांगा.

ह्यांच्या चार कॅमेऱ्यांना माझा विरोध नाही. पण कॅमेरा दार धरून ठेवत नाही, तो फक्त बघतो, आणि तोंडाला रुमाल, डोक्यावर टोपी असलेल्या माणसाचं छान चित्रीकरण करून देतो. कितीतरी ठिकाणी चोर जाताना डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंगचा डबाच उचलून नेतात. त्यामुळे घेतलेच आहेत तर नीट लावा. एक तरी कॅमेरा दाराशी चेहऱ्याच्या उंचीवर हवा, सगळे छताला लावले की नुसती डोकी दिसतात. एक रस्त्याच्या दिशेने, गाडीचा नंबर येईल असा. रेकॉर्डिंग घरातल्या डब्यात न राहता फोनवरही यायला हवं, आणि राउटर व कॅमेरा इन्व्हर्टरवर हवेत, नाहीतर मेन स्विच खाली केला की सगळं आंधळं. कंपनीने दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, नाहीतर तुमच्या घराचं अंगण भलतेच लोक बघतील. आणि शेजाऱ्यांच्या दाराकडे, गच्चीकडे कॅमेरा वळवू नका, ज्यांच्या भरवशावर घर सोडायचंय त्यांच्याशीच भांडण नको. माझं विचाराल तर चारपैकी दोन कॅमेरे कमी करा आणि त्या पैशात गच्चीचा दरवाजा करा. दार उघडलं की केकाटणारे छोटे बॅटरीचे अलार्म काही शे रुपयांत मिळतात, एक पुढच्या दाराला, एक मागच्या, एक गच्चीच्या, आवाज झाला की चोराचा निवांतपणा तिथेच संपतो.

कुत्रा मात्र आठ दिवसांसाठी आणू नका. तो घरातला जीव आहे, सगळ्यांना हवा असेल आणि त्याचं करायला कोणी असेल तर जरूर पाळा, पण तुम्ही सगळे चिपळूणला आणि तो एकटा बांधलेला, हे पाप नको.

आता सगळ्यात जास्त उपयोगाचं. जायच्या आधी समोरच्या किंवा शेजारच्या काकूंकडे चहाला जा आणि स्पष्ट मदत मागा. 'जरा लक्ष ठेवा हं' हे आपण सगळेच म्हणतो आणि त्यातून काहीच होत नाही, नेमकं काम सांगा. रोज सकाळी तुळशीला पाणी घालायचं आणि अंगण झाडायचं, म्हणजे फाटकाच्या आत रोज माणसाची ये-जा दिसते. चार रेघांची रांगोळी काढली तर उत्तमच. दूध आणि पेपर बंद करा, फाटकात तीन दिवसांचे पेपर पडलेलं घर लांबून ओळखू येतं. त्यांच्याकडे दोन गाड्या असतील तर एक तुमच्या दारात लावायला सांगा. संध्याकाळी लागून रात्री बंद होणारे टायमरचे दिवे लावा, एक पुढच्या खोलीत, एक वरच्या बेडरूममध्ये, पोर्चचा दिवा आठ दिवस दिवस-रात्र जळत ठेवू नका, दुपारी जळणारा दिवा कुलपाइतकाच बोलका असतो. किल्ली त्यांना फाटकाची द्या, घराची दिरांकडे. आणि जी मदत मागताय ती त्यांनाही देणार असं बोलून या, त्या नातवाच्या मुंजीला जातील तेव्हा तुम्ही त्यांचं अंगण झाडाल. तुमच्या लाइनीतली चोरी कुणाला कळली नाही असं तुम्ही लिहिलंय ते मला सारखं टोचतंय, दोन घरांवर दार उचकटताना आवाज झालाच असेल, पण ते लोक बाराव्याला गेलेत हेच कुणाला माहीत नसलं तर आवाज आला तरी घरातलंच कोणीतरी काहीतरी ठोकत असेल असंच वाटणार ना.

पोलीस स्टेशनला एक साधा अर्ज द्या, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत घर बंद, पत्ता, तुमचा आणि दिरांचा फोन नंबर. रात्रगस्त असते, बीटच्या हवालदाराला माहिती असली तर फेरी तुमच्या गल्लीतून जाते. संकोच करू नका, सुट्ट्यांच्या आधी पोलीस स्वतःच असं आवाहन करतात. आणि मुलांना सांगून ठेवा की लग्नाचे फोटो, रील, स्टेटस काय टाकायचं ते परत आल्यावर टाका. 'ऑन द वे टू कोकण' असं लिहून पाच जणांचा गाडीतला सेल्फी टाकला की घर रिकामं आहे हे तुमच्या फोनमधल्या प्रत्येकाला कळतं, आणि तिथून पुढे कुणाकुणाला.

आता पालांबद्दल, आणि हे मी जरा कळकळीने लिहितेय. पालं पडलीयेत एवढ्यावरून ते चोर, हे कुणी ठरवलं? ती माणसं कोण आहेत, घिसाडी आहेत, ऊसतोडीवरून परतताना थांबलेत, कुठल्या गावचे, हे ग्रुपवरच्या एकाने तरी जाऊन विचारलंय का? १८७१ साली इंग्रजांनी कायदा करून जातीच्या जाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या, सोलापूरला तर तारेच्या कुंपणात सेटलमेंट, म्हणजे त्यांना डांबून ठेवायची वसाहत केली, तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला पण संशय काही गेला नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला काय झालं आठवतंय का? मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, भिक्षा मागत फिरणारे. मुलं पळवणारी टोळी आलीय म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होतं तेवढ्यावरून जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. १६ एप्रिल २०२० ला पालघर जिल्ह्यात गडचिंचल्याला दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर मारले गेले, तिथेही चोर फिरतायत अशीच अफवा होती. या सगळ्या ठिकाणी मारणारी माणसं आपल्यासारखीच घाबरलेली होती. भिंतीवरच्या खुणांचे व्हिडिओ कुठल्या गावचे, कधीचे याचा पत्ता नसतो, फाटकावरची खूण पोलिओवाल्यांची, जनगणनेवाल्यांची, केबलवाल्याची असू शकते. तुम्हाला खटकली तर पुसून टाका, फोटो काढून स्टेशनला दाखवा, पण ग्रुपवर पुढे पाठवू नका. आणि हाकला म्हणणाऱ्यांना तुम्ही एकटीने जरी 'मला हे पटत नाही' असं लिहिलंत तरी ग्रुपमधले गप्प बसलेले चारजण बोलायला लागतील. घरकाम करणाऱ्या मावशींबद्दलही तेच, चोरी झाली की पहिला संशय त्यांच्यावर घेतात. पुरावा नसताना कुणाच्या पोटावर पाय देऊ नका.

तुमच्या रात्रीच्या जागरणाबद्दल. झोपायच्या आधी एकच फेरी मारा, गच्ची, मागचं दार, पुढचं दार, गॅस, कायम याच क्रमाने, आणि ती झाली की परत उठायचं नाही. उन्हाळ्यात सगळे गच्चीवर झोपत असाल तर खालच्या मजल्याला आतून-बाहेरून नीट कड्या लावून वर जा, वरती माणसं घोरतायत आणि खाली चोर आरामात कपाट रिकामं करतोय असं आपल्याकडे दर उन्हाळ्यात होतं. खिडकी उघडी ठेवून झोपताना मोबाइल, पर्स, पँट खिडकीपासून लांब ठेवा, काठीला तार बांधून बाहेरून ओढून घेतात. फोन उशाशी आणि पोलिसांच्या मदतीचा ११२ नंबर लक्षात असू द्या. आवाज खरंच आलाच तर दिवे लावा, मोठ्याने ओरडा, ११२ ला फोन करा, पण दार उघडून बघायला जाऊ नका आणि ह्यांनाही जाऊ देऊ नका. सासूबाईंना दिवसाचंही एक सांगून ठेवा, दागिने पॉलिश करून देतो म्हणणारा किंवा 'पोलीस आहे, पुढे चोऱ्या होतायत, दागिने काढून पुडीत बांधून ठेवा' म्हणणारा कोणीही आला तर दार उघडायचं नाही, खरा पोलीस असं कधीच सांगत नाही.

एवढं करूनही परत आल्यावर दार उचकटलेलं दिसलं तर आत जाऊ नका, माणूस अजून आत असू शकतो. फाटकाबाहेर थांबा, ११२ ला फोन करा. पोलीस येईपर्यंत कशालाही हात लावू नका, सासूबाई पसारा आवरायला धावतील, त्यांना शेजारी बसवा, कारण कपाटावरचे ठसे घ्यायला तज्ज्ञ येतात, श्वानपथक येतं आणि आपण पुसलं की गेलं. तुम्ही चिपळूणला असतानाच कळलं तर दिरांना तिथून ११२ ला फोन करायला सांगा. तक्रार तुम्हाला चिपळूणच्या स्टेशनलाही देता येते, हद्द आमची नाही असं सांगून ते परत पाठवू शकत नाहीत, झिरो एफआयआर घेऊन कराडला पाठवावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घ्या. त्यात भारतीय न्याय संहितेची ३०५ आणि ३३१ ही कलमं आहेत का बघा, राहत्या घरातल्या चोरीला ३०५ खाली ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. दागिन्यांची यादी वजनासकट जोडा, जे गेलंय ते सगळं पहिल्याच वेळी लिहा, नंतर आठवलं तर पुरवणी जबाब द्या. त्याच दिवशी चेकबुक, एटीएम कार्ड बंद करा, लॉकरची किल्ली गेली असेल तर बँकेला कळवा, विमा असेल तर कंपनीलाही लगेच कळवा.

आणि चोर सापडला, सोनं सापडलं तर ते आपोआप घरी येत नाही, मुद्देमाल म्हणून जमा होतं आणि परत मिळवायला कोर्टात अर्ज करावा लागतो. खटला संपेपर्यंत थांबायची गरज नाही. २००२ साली सुप्रीम कोर्टाने सुंदरभाई अंबालाल देसाई यांच्या प्रकरणात सांगितलंय की दागिन्यांचे फोटो, पंचनामा करून आणि बॉण्ड घेऊन ते मालकाला लवकर परत द्यावेत. तपास अधिकाऱ्याला भेटून अर्ज कधी करायचा ते विचारा, वकील लावला तर काम सोपं होतं. कोर्ट विचारतं की हा दागिना तुमचाच कशावरून, तेव्हा पांढऱ्या कापडावरचे ते फोटो आणि सोनाराचा शिक्का दाखवा. सोनाराने वितळवून लगड केली असेल तर मात्र ओळख पटवणं अवघड जातं, म्हणून चोरी कळल्यावर तक्रारीला एक दिवसही उशीर करू नका.